अडीच हजार आवाजांची पेटी

भाच्याचा फोन रात्री सव्वादहाला आला. "मामा, एक सॉफ्टवेअर सिंथ आहे. एरवी ७० डॉलर, आज ५०० रुपयांच्या आत मिळतंय. अडीच हजार आवाज आहेत त्यात. बारा वाजता सवलत संपते. घेऊ का?"

तो सांगलीत इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजच्या एकांकिकांना पार्श्वसंगीत करतो. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, पंचवीस पट्ट्यांचा मिडी की-बोर्ड आणि एक हेडफोन एवढाच त्याचा स्टुडिओ. वसतिगृहाच्या खोलीत रात्री दहानंतर तो काम करतो, कारण तेव्हा पंखा बंद केला तरी कुणी ओरडत नाही. मी तीस वर्षं नाटकांना आणि भावगीतांच्या कार्यक्रमांना की-बोर्डची साथ करतो आहे, म्हणून त्यानं मला विचारलं. "घे" म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण त्याला मेसचा खर्च भागवून हे पैसे काढायचे होते. मी म्हटलं, "थांब. या सवलती परत परत येतात. आधी मला बघू दे."

महिनाभर बघितलं. हा लेख त्या महिन्याचा आहे.

पेटीचं नाव 'एक्सपँड टू'. एअर म्युझिक टेक्नॉलॉजी या कंपनीचं हे सॉफ्टवेअर. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात 'विझू' नावाची एक छोटी कंपनी सॉफ्टवेअर वाद्यं बनवायची. प्रो टूल्स हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या डिजिडिझाइननं ती २००५ मध्ये विकत घेतली आणि त्या मंडळींच्या गटाला 'एअर' हे नाव मिळालं. त्यांनी पहिलं 'एक्सपँड' प्रो टूल्सच्या ग्राहकांना सोबत देण्यासाठी घडवलं आणि पुढे त्याचंच 'एक्सपँड टू' झालं. २०१२ मध्ये एअर ही 'इनम्युझिक' या दुसऱ्या कंपनीकडे गेली. हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. पेटीचा स्वभाव त्यातून कळतो. ज्याच्या हातात प्रो टूल्स नुकतंच आलं आहे, त्याला कुठलंही गाणं लगेच उभं करता यावं, साध्या कॉम्प्युटरवर चालावं, आणि एका वाद्यापेक्षा सगळ्या वाद्यांची सोय व्हावी, अशा गरजेतून ती जन्मली. भाच्याची गरज नेमकी तीच आहे. म्हणून मी ती गांभीर्यानं घेतली.

आत चार खण आहेत. प्रत्येक खणात एक आवाज ठेवायचा. चारही खण एकावर एक रचून एकच जाड आवाज करता येतो, नाहीतर की-बोर्डचे भाग पाडून डाव्या हाताला बेस आणि उजव्या हाताला पियानो देता येतो, किंवा चार वेगवेगळ्या मिडी चॅनेलवर चार वाद्यं वाजवता येतात. प्रत्येक खणाला स्वतःचा आर्पेजिएटर, म्हणजे धरलेले सूर एकामागून एक वाजवणारी सोय, आहे. वर दोन इफेक्ट आणि सहा मोठी बटणं, पॅच, म्हणजे तयार करून ठेवलेला आवाज, बदलला की त्याला साजेसं काम त्या बटणांना मिळतं. आवाज बहुतेक रेकॉर्ड केलेल्या नमुन्यांवर, म्हणजे सॅम्पलवर बेतलेले. काही मात्र सॉफ्टवेअर स्वतः गणितानं तयार करतं.

आता सॅम्पल म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण किंमत तिथेच ठरते. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. दर मोजणीला दोन बाइट, डावी-उजवी मिळून चार. म्हणजे एका सेकंदाला १,७६,४०० बाइट. पियानोची एक पट्टी दाबून दहा सेकंद विरेपर्यंत रेकॉर्ड केली, तर पावणेदोन एमबी झाले. पियानोला ८८ पट्ट्या. हळू, मध्यम, जोरात असे पाच दाब प्रत्येकीचे घेतले तर ४४० नमुने आणि सुमारे पावणेआठशे एमबी, फक्त एका पियानोसाठी. मग अडीच हजार आवाज एका स्वस्त पेटीत बसतात कसे? काटकसरीनं. चार-पाच पट्ट्यांना मिळून एकच नमुना घ्यायचा आणि तोच वर-खाली ताणायचा. लांब सुराचा एक छोटा तुकडा निवडून तो पुन्हा पुन्हा फिरवायचा, ज्याला आपण लूप म्हणतो. एकाच नमुन्यावर वेगवेगळे फिल्टर लावून त्याचे दहा पॅच करायचे. अडीच हजार हा आकडा पॅचचा आहे, रेकॉर्ड केलेल्या वाद्यांचा नाही.

या काटकसरीला मी कमी लेखत नाही. १९८८ मध्ये आलेल्या कोर्ग एम-वनमध्ये नमुन्यांसाठी अवघी चार एमबी जागा होती. सीडीच्या दर्जानं एकाच वाहिनीचा आवाज साठवायचा म्हटलं, तर एवढ्या जागेत पाऊण मिनिटाच्या आसपास मावतं. तेवढ्यात पियानो, ऑर्गन, बासरी, ड्रम, कोरस सगळं बसवलं होतं आणि त्या पियानो-ऑर्गनवर अमेरिका-युरोपातल्या हाउस संगीताचा एक काळ उभा राहिला. त्याच्या आदल्या वर्षी रोलँडनं डी-५० काढला. त्याची युक्ती आणखी सुंदर. वाद्य ओळखताना आपला कान सुराच्या पहिल्या क्षणावर फार अवलंबून असतो, तारेवरचा आघात किंवा बासरीतली पहिली फुंकर. म्हणून तेवढाच तुकडा खरा रेकॉर्ड करायचा आणि पुढचा लांब सूर सिंथनं तयार करायचा. कानाला पटतं. माझ्या पिढीनं ऑर्केस्ट्रात रोलँडच्या एक्सपी मालिकेतले की-बोर्ड वाजवले, ते याच घराण्यातले. तेव्हा एका की-बोर्डसाठी माणूस सोसायटीचं कर्ज काढायचा. आज तसंच काम लॅपटॉपमधून होतं, कारण १९९६ मध्ये हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गनं व्हीएसटी हे सॉफ्टवेअर जोडण्याचं तंत्र आणलं आणि १९९९ मध्ये त्यात वाद्यंही जोडता यायला लागली.

आता परीक्षा. कंपन्यांचे नमुने ऐकून काहीच कळत नाही. तिथे प्रत्येक आवाज एकटा, भरपूर प्रतिध्वनीत आणि त्याला शोभेल अशा चालीत वाजवलेला असतो. मी भाच्याच्याच एका एकांकिकेचं संगीत मागवून घेतलं आणि त्यातले आवाज एकेक करून बदलत गेलो.

सगळ्यात आधी एकच सूर सारख्या दाबानं आठ-दहा वेळा भराभर वाजवायचा. हातानं वाजवलेल्या वाद्यात दोन आघात कधीच हुबेहूब सारखे नसतात. महाग सॅम्पल लायब्ररीत एकाच सुराचे चार-पाच नमुने आलटून-पालटून वाजतात. २००० च्या दशकातल्या या पिढीच्या बहुउपयोगी पेट्यांत सहसा एकच नमुना परत येतो आणि ड्रमचा रोल शिलाई मशिनसारखा ऐकू येतो. व्हायोलिनचे भराभर तोडलेले सूर तसेच. हे कळलं की तिथे हा आवाज वापरायचा नाही, एवढं ठरतं.

मग उलट, एक सूर धरून वीस सेकंद सोडायचा नाही. लूप वाईट असेल तर ठरावीक अंतरानं एक हेलकावा येतो. एकदा कानाला लागला की तो सुटत नाही. इथे एक्सपँड टू मला आवडली. तिचे पॅड, म्हणजे पार्श्वभूमीला पसरणारे मऊ आवाज, शांत राहतात आणि हळूहळू रंग बदलतात. एकांकिकेत एक दृश्य आहे, आई मुलाचा मोबाइल हातात घेते आणि काही बोलत नाही. त्या चाळीस सेकंदांना भाच्यानं पियानो घातला होता. मी दोन खणांत दोन पॅड ठेवले, तिसऱ्यात अगदी हळू घंटेसारखा एक आवाज, आणि पियानो काढून टाकला. दिग्दर्शिकेनं ते ऐकून दृश्याची लांबी वाढवली. इलेक्ट्रिक पियानो, सिंथ बेस, घंटा, मऊ ब्रास यांतही पेटी खरी उतरली.

तिसरी कसोटी आपल्याच संगीताची आहे आणि परदेशी परीक्षणांत ती सापडत नाही. पॅडवर सा-ग-प धरा आणि गाणाऱ्याला शुद्ध गंधारावर थांबायला सांगा. गाणारा कानानं ज्या गंधारावर जातो, तो सा पासून ३८६ सेंटच्या आसपास असतो; सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. की-बोर्डचा गंधार समान अंतरांच्या सप्तकातला, ४०० सेंटचा. हा १४ सेंटचा फरक भराभर चालणाऱ्या गाण्यात खपून जातो. ठाय लयीत, लांब पॅडवर, तो लाटांसारखा ऐकू येतो आणि गायक बेसूर असल्याचा भास होतो. दोष पॅडचा असतो आणि बोलणी गायिकेला बसतात, असं मी रंगमंचावर अनेकदा पाहिलंय. हार्मोनिअमवरचा जुना आक्षेप यातलाच. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ हार्मोनिअमला बंदी होती, तिच्या मागच्या कारणांत हेही एक होतं. उपाय सोपा आहे. अशा जागी पॅडमध्ये गंधार धरायचा नाही, सा आणि प एवढंच धरायचं. कुठल्याही पेटीवर हे चालतं. नवी घेताना मात्र स्वर बारीक हलवून मिळवायची सोय तिच्यात आहे का, हे विचारून घ्यावं.

आणि मींड. की-बोर्डच्या चाकानं सूर साधारणपणे दोन अर्धस्वर वर-खाली जातो. ही कक्षा वाढवता येते, पण रेकॉर्ड केलेला नमुना ताणला की त्यातलं वाद्यही ताणलं जातं. बासरीचा बांबू लहान झाल्यासारखा वाटतो, माणसाचा आवाज पोरकट होतो. सतारीची मींड म्हणजे तीच तार, तोच भोपळा, फक्त तारेचा ताण वेगळा. पेटीतली मींड म्हणजे सगळी सतारच छोटी-मोठी होणं.

याच विचारात मिरजेला गेलो. सांगलीहून अर्ध्या तासाचा रस्ता. सतारी-तंबोऱ्यांची ही गल्ली लहानपणापासून माहीत आहे. १९ व्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी इथे वाद्यं घडवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे मंगळवेढ्याच्या बाजूचे. एका दुकानात वयस्कर कारागीर जवारी लावत बसले होते. घोडीचा सपाट माथा कानसेनं घासायचा, तार छेडायची, पुन्हा घासायचं. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी अचानक तार 'उघडते' आणि एका सुरातून आतले सगळे सूर पायऱ्या चढत वर जाताना ऐकू येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, तो याच घोडीच्या नवलानं.

मी मोबाइलवर त्यांना सॅम्पलचा तंबोरा ऐकवला. त्यांनी तो शेवटपर्यंत, मान खाली घालून ऐकला आणि विचारलं की हा कुठल्या पट्टीचा आहे. काळी एकचा, मी म्हटलं. मग त्यांनी तो पांढरी पाचमध्ये लावायला सांगितला. लावला, आणि दोष तिथेच सापडला. पूर्ण आवर्तन रेकॉर्ड केलेलं असेल आणि ते साध्या पद्धतीनं सहा अर्धस्वर वर ताणलं, तर सुराबरोबर वेगही १.४१ पट होतो. आठ सेकंदांत फिरणाऱ्या चार तारा पावणेसहा सेकंदांत फिरायला लागतात. जवारीच्या पायऱ्याही तशाच घाईनं चढतात. ज्या तंबोऱ्यानं गाणाऱ्याला स्थिर करायचं, तोच त्याला मागून ढकलतो. प्रत्येक तार वेगळी रेकॉर्ड केली असेल तर आवर्तनाचा वेग आपल्या हातात राहतो, पण एका तारेचा नाद दुसरीला जागवतो, तो भाग तरीही निसटतो. त्या माणसानं दोन वाक्यांत जे सांगितलं, ते मला एकट्याला शोधायला आठवडा लागला असता.

भारतीय वाद्यांबाबत या बहुउपयोगी पेट्यांकडून फार अपेक्षा ठेवू नये, हे त्यांच्या जडणघडणीतच आहे. १९९१ च्या जनरल मिडी या मानकात १२८ वाद्यांची यादी आहे. त्यात सतार १०५ व्या क्रमांकावर आणि शहनाई ११२ व्या. तबला नाही, तंबोरा नाही. जगातले बहुतेक की-बोर्ड तीच यादी डोळ्यांसमोर ठेवून भरले गेले. एक्सपँड टूमध्येही दूरदेशीच्या वाद्यांचा एक कप्पा आहे, पण तो चव आणण्यापुरता. तबला, बासरी, संवादिनी हवी असेल तर त्यासाठीच बनवलेलं 'स्वरप्लग'सारखं सॉफ्टवेअर घ्यावं. किंवा माणूस बोलवावा.

माणसाचा विषय निघाला म्हणून स्ट्रिंग्जबद्दल बोलतो. प्रत्येक पेटीत 'स्ट्रिंग्ज' नावाचा पॅच असतो आणि मराठी गाण्याच्या पीसमध्ये तो हमखास वाजतो. हा आवाज आपल्या कानात बसवला तो गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून मुंबईला आलेली ही मंडळी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा हे अ‍ॅरेंजर व्हायोलिनच्या ओळी कागदावर लिहायचे, आणि वादकांचे गज एकदम वर, एकदम खाली जायचे. संगीतकार प्यारेलाल हे गोन्साल्विसांचेच शिष्य. ऐंशी-नव्वदच्या दशकांत की-बोर्ड आले आणि ध्वनिमुद्रणाच्या एकेका दालनातल्या खुर्च्या कमी होत गेल्या. मी त्या की-बोर्डवाल्यांपैकीच आहे, त्यामुळे हे लिहिताना हात जड होतो. पण त्यातून पेटी तपासायची एक रीत मिळते. स्ट्रिंग्जचा पॅच घ्या आणि त्यावर कॉर्ड दाबून ठेवण्याऐवजी चार वेगळ्या ओळी वाजवा: पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, व्हायोला, चेलो. कॉर्डमध्ये सगळेच पॅच भव्य वाटतात. ओळीत वाजवल्यावर कळतं की सूर एकमेकांना जोडले जातात की प्रत्येक सूर नव्यानं सुरू होतो. इथे एक्सपँड टूचे चार खण कामी आले. मी चार खणांना चार चॅनेल दिले, प्रत्येकात थोडा वेगळा आवाज ठेवला, प्रत्येकाचा व्हॉल्यूम पायाच्या पेडलनं वर-खाली केला. गोन्साल्विसांचा वाद्यवृंद झाला नाही, पण नाटकाच्या मध्यंतरापूर्वीच्या प्रसंगाला पुरेल असा श्वास त्यात आला.

पैशांचं थोडक्यात. ७० डॉलर म्हणजे आजच्या दरानं सहा हजारांच्या घरात, वर १८ टक्के जीएसटी आणि कार्डाचं परकी चलनाचं शुल्क. त्या किमतीला मी ही पेटी घ्यायला सांगणार नाही. सवलतीत ती अनेकदा काही डॉलरवर येते, विशेषतः दिवाळीनंतर नोव्हेंबरअखेर. तोवर थांबावं. लॅपटॉपवर भार कमी पडतो, हा मोठा गुण. २५६ मोजण्यांच्या बफरवर, म्हणजे जवळपास सहा मिलिसेकंदांवर, माझ्या जुन्या लॅपटॉपवर ती न अडखळता चालली. तिच्यात स्वतःचे नमुने भरता येत नाहीत, ही मोठी मर्यादा. मिरजेचा तंबोरा स्वतः रेकॉर्ड करून वाजवायचा तर दुसरं सॉफ्टवेअर लागेल. 'डिसेंट सँपलर' त्यासाठी फुकट मिळतं. 'लॅब्ज' या संग्रहातले पियानो आणि स्ट्रिंग्जही फुकट आहेत. ते आधी उतरवून वापरून बघावेत आणि काय कमी पडतं ते कागदावर लिहावं. नोंदणीची पद्धत, किती कॉम्प्युटरवर चालतं, पुढे कुणाला विकता येतं का, हे पैसे देण्याआधी वाचावं. माझं एक आवडतं सॉफ्टवेअर, नाव सांगत नाही, २०१९ मध्ये अ‍ॅपलनं ३२ बिटचे प्रोग्रॅम बंद केले तेव्हा कायमचं गेलं आणि त्यावर केलेली एका नाटकाची फाइल आज उघडत नाही. तेव्हापासून काम संपलं की प्रत्येक ट्रॅक साध्या आवाजाच्या फाइलमध्ये उतरवून ठेवतो. भाच्यालाही ते पहिल्या दिवशी शिकवलं.

तर निकाल. पॅड, बेस, इलेक्ट्रिक पियानो, घंटा आणि थरावर थर रचायला ज्याच्याकडे काहीच नाही, त्यानं एक्सपँड टू सवलतीत जरूर घ्यावी. नाटकाच्या पार्श्वसंगीताला तर ती फारच उपयोगी आहे. ज्याच्याकडे आधीच अशी एक पेटी आहे, त्यानं दुसरी घेऊ नये. जिथे एकच वाद्य पुढे येऊन बोलणार आहे, तिथे ती वापरू नये. आणि छापील किमतीत न घेतल्यानं जे पैसे वाचले, ते एका वादकाला द्यावेत. तालुक्याच्या अनेक गावांत बासरी, सनई, संबळ वाजवणारी मुलं आहेत आणि लॅपटॉपवाली मुलं त्यांना बोलवत नाहीत. एका दुपारचं मानधन आणि एक बरा माइक एवढंच लागतं.

भाच्यानं पुढच्या सवलतीत पेटी घेतली. अडीच हजार पॅचमधून त्यानं साठ-सत्तर बाजूला काढले. एकांकिकेत शेवटी अकरा राहिले. शेवटच्या प्रसंगातली बासरी मिरजेच्या बारावीतल्या एका मुलानं वाजवली, वसतिगृहाच्या खोलीत, पंखा बंद करून. त्याला हजार रुपये दिले आणि पत्रिकेत त्याचं नाव छापलं.